डबाभर जुनी नाणी विकायची आहेत? आधी निवडा, मग तोला, मग बोला

जुन्या घराचा माळा आवरताना निघणाऱ्या डब्यात काय असतं ते जवळपास ठरलेलं आहे. वर अॅल्युमिनियमची पाच-दहा पैशांची नाणी, मधे तांब्याचे ढब्बू पैसे आणि भोकाचे पैसे, तळाशी फडक्यात गुंडाळलेले राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये. असा डबा आहे तसा दुकानदारापुढे ठेवला की तो दहा मिनिटांत पंधरा-वीस नाणी नजरेने टिपतो आणि सबंध डब्याचा एकच आकडा सांगतो. तो आकडा बहुधा त्या पंधरा-वीस नाण्यांच्या किमतीपेक्षाही कमी असतो, बाकीचा डबा त्याला फुकटात पडतो. यात दरवेळी लबाडीच असते असं नाही. निवडायची मेहनत तो करणार, त्याची मजुरी तो आधीच कापून घेतो. तीच निवड घरी केली तर एक रविवार जातो आणि पैशांत मोठा फरक पडतो.

सामान फार लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, लोहचुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्यासाठी छोटी प्लास्टिकची वाटी, शिवणाचा दोरा आणि वही. उजेड खिडकीचा घ्यावा. ट्यूबलाइटखाली झीज नीट दिसत नाही.

हात लावण्याआधी: घासू नका

चिंच-मीठ, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यातलं काहीही नाण्याला लावू नये. शंभर वर्षांत चांदीवर चढलेला काळपट-निळसर रंग आणि तांब्यावरचा चॉकलेटी रंग हेच संग्राहकाला हवं असतं. घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच ओळखू येतं, कारण पृष्ठभागावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे असतात आणि अक्षरांच्या खोबणीत मळ तसाच राहिलेला असतो. जो रुपया संग्राहकाने घेतला असता, तो घासल्यावर फक्त चांदीच्या भावाने जातो. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन दिवस ठेवून मऊ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका. जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलेल्या नाण्यांवर चिकट हिरवा थर येतो. तो प्लास्टिकमधून उतरलेला असतो आणि धातू खातो. अॅसिटोनमध्ये पाच मिनिटं बुडवलं की निघतो, मात्र खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस बंद करा.

चुंबक

पहिली फेरी चुंबकाची. चुंबकाला चिकटलं ते चांदीचं नाही, इतका साधा नियम. सर्वांत जास्त गैरसमज १९४७च्या रुपयाबद्दल असतो. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ, रंग पांढरा, म्हणून घरोघरी तो 'चांदीचा रुपया' म्हणून जपलेला असतो. तो शुद्ध निकेलचा आहे आणि चुंबकाला झडप घालतो. १९४६-४७च्या अधेल्या (अर्धा रुपया) आणि पावल्याही (पाव रुपया) निकेलच्याच. १९५० आणि १९५४चे रुपयेही निकेलचे, पैकी १९५४चा कमी मिळतो, तो वेगळा काढा. १९९२नंतरचे स्टीलचे रुपयेही चिकटतात.

चिकटलं नाही म्हणजे चांदी असंही नाही. तांबं, पितळ, कथील, तांबं-निकेल, जर्मन सिल्व्हर (चांदी नसलेला पांढरा मिश्रधातू) यांपैकी काहीच चिकटत नाही. त्यासाठी पुढची फेरी.

चांदी: साल आणि वजन

ब्रिटिश रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. एक तोळा म्हणतात तो हाच. १८३५पासून सहाव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयांपर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी होती. युद्धात चांदी महागली तेव्हा १९४०पासून ती ५० टक्क्यांवर आणली. उरलेल्यात ४० टक्के तांबं आणि प्रत्येकी ५ टक्के निकेल व जस्त. हे रुपये १९४५पर्यंत चालले. वजन तेच, आकार तोच, चेहरा तोच, चांदी मात्र निम्मी. ओळखायची सोपी खूण कडेवर आहे: १९४०पासूनच्या रुपयाच्या दातेरी कडेच्या मधोमध एक खाच फिरलेली असते.

म्हणून चांदीचे दोन ढीग करा: पहिला ९१.७ टक्क्यांचा, दुसरा ५० टक्क्यांचा. पहिल्या ढिगातल्या एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, अधेलीत ५.३४, पावलीत २.६७, चांदीच्या चवलीत (दोन आणे) १.३४. दुसऱ्या ढिगातल्या रुपयात ५.८३ आणि पावलीत १.४६. चवली चांदीची १९१७पर्यंतच. १९१८पासून तांबं-निकेलची चौकोनी चवली आली, ती चांदीच्या ढिगात टाकू नका. १९४० साल असलेल्या पावल्या दोन्ही प्रकारच्या सापडतात, त्या खालच्या पाण्याच्या परीक्षेनेच ठरवाव्यात.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा हाली सिक्का निघतो, चारमिनारची छाप असलेला. तो ब्रिटिश रुपयापेक्षा हलका, ११.१८ ग्रॅम, आणि चांदी ८१.८ टक्के. सराफ तो सरळ ब्रिटिश रुपयांत मिसळून तोलू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. गोव्याकडचा १८८१-८२चा पोर्तुगीज रुपिया मात्र ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचा आणि कसाचा. १९४७चा रुपिया अर्ध्या चांदीचा आणि १९५२चा बिनचांदीचा.

पाण्यात तोलायची रीत

रुपया खरा का, हे विचारायला सराफाकडे जायची गरज नाही. कोरडं नाणं तोला. समजा ११.५८ ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. वाटी छोटी घ्या, कारण असे काटे बहुतेक २०० ग्रॅमपर्यंतच तोलतात. नाण्याला दोऱ्याचा फास घालून ते पूर्ण पाण्यात सोडा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. दोरा हातात धरून ठेवायचा. काट्यावर जो आकडा येईल, समजा १.१२, त्याने कोरड्या वजनाला भागा. ११.५८ भागिले १.१२ म्हणजे १०.३४. पूर्ण चांदीचा रुपया १०.३च्या आसपास येतो, अर्ध्या चांदीचा ९.५च्या आसपास. ९च्या खाली आला तर चांदी नाही. जर्मन सिल्व्हरचे नकली राणीछाप ८.६च्या जवळ येतात.

चुका दोनच होतात. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटून राहतो आणि आकडा वाढतो, म्हणजे खरं नाणं खोटं ठरतं. पाण्यात सोडल्यावर नाणं एकदा हलवा. दुसरी चूक छोट्या नाण्यांची. चवलीचं पाण्यातलं वजन ०.१४च्या आसपास, तिथे काट्याची शतांशाची चूकही निकाल फिरवते. एकाच प्रकारच्या दहा चवल्या एकत्र बांधून तोला.

आवाजाची जुनी परीक्षाही चालते. नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने कडेला हलकेच वाजवा. चांदी लांब, बारीक वाजते. ओतीव नकली नाणं बद्द वाजतं. फरशीवर आपटून बघायची सवय सोडा, कडेला खड्डा पडतो.

मोडीचा, म्हणजे वितळवायच्या चांदीचा हिशोब

समजा डब्यात ९१.७ टक्क्यांचे ४० रुपये, ५० टक्क्यांचे १५ रुपये आणि जुन्या चांदीच्या ३० पावल्या आहेत. शुद्ध चांदी: ४२७.६ अधिक ८७.५ अधिक ८०.१, म्हणजे साधारण ५९५ ग्रॅम. नाणी झिजलेली असतात, म्हणून एक-दोन टक्के सोडा. हा आकडा त्या दिवशीच्या शुद्ध चांदीच्या भावाने गुणला की तळ कळला. याच्या बराच खालचा आकडा कोणी सांगितला तर डबा झाकून घरी न्यावा.

इथे तोळा घात करतो. बाजारात बोलताना तोळा म्हणजे दहा ग्रॅम, आणि नाण्याचा तोळा ११.६६ ग्रॅम. 'तोळ्याला इतके' असा भाव ऐकला की कुठला तोळा ते विचारा, नाहीतर भाव ग्रॅमवर मागा. शिवाय सराफ मोडीच्या भावात घट, म्हणजे वितळवण्यातली तूट धरतो. टंच (शुद्धतेचं प्रमाण) किती धरला आणि घट किती कापली, हे दोन आकडे वेगळे सांगायला लावा. दोन्ही एकत्र गुंडाळून सांगितले की हिशोब तपासता येत नाही.

चांदीपेक्षा जास्त कशाला मिळतं

बहुतेक राणीछाप आणि राजाछाप रुपये दुर्मीळ नाहीत. १८६२चा रुपया जुना म्हणून लोक फार मोठी आशा धरतात, पण १८६२ हेच साल १८७४पर्यंत तसंच छापलं जात होतं, त्यामुळे ते अमाप आहेत. तरी ते एकदम विकू नका. मागच्या बाजूच्या ठिपक्यांची संख्या बदलते आणि काही ठिपक्यांचे रुपये जाणकार शोधत असतात. १९११चा पाचव्या जॉर्जचा रुपया नेहमी वेगळा काढा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि नक्षी बदलावी लागली. संग्राहक आजही त्याला 'डुकराचा रुपया' म्हणूनच मागतात. १९२२चा कमी मिळतो. १९३९चा खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच डब्यात निघाला तर आधी तो बनावट धरून चाला: दुसऱ्या सालाचा आकडा खरवडून ३९ केलेले पुष्कळ फिरतात. आकड्याभोवतीचा धातू भिंगाखाली वेगळ्या पोताचा दिसला तर तेच.

साल साधं असलं तरी अवस्थेला किंमत आहे. राणीच्या मुकुटातले मोती आणि अंगरख्यावरची फुलं, पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती आणि कान हे उंच भाग आधी झिजतात. ते स्पष्ट असतील तर नाणं मोडीच्या ढिगात टाकू नये. उलट रुपयांची माळ केलेली असेल, कडी डागलेली असेल किंवा भोक असेल तर ते नाणं मोडीतच जातं, साल कितीही चांगलं असो. कडी काढून डाग घासून टाकल्याने ते सुधारत नाही, फसवणुकीचा संशय तेवढा येतो. सराफांनी परीक्षेसाठी मारलेले छोटे छाप असतील तर किंमत कमी होते, पण संपत नाही.

तांबं, पितळ आणि शिवराई

१९०६पर्यंतचा पाव आण्याचा तांब्याचा ढब्बू पैसा ६.४७ ग्रॅमचा, किलोत साधारण १५५. त्यानंतरचा कांशाचा ४.८६ ग्रॅमचा, किलोत दोनशेच्या वर. भोकाचा पैसा, १९४३ ते १९४७, दोन ग्रॅमच्या आसपास, किलोत पाचशे. ही सगळी नाणी नगावर नाही तर किलोवर किंवा शेकड्यावर जातात. यातून वेगळं काढायचं ते फक्त लाल-चॉकलेटी, तीक्ष्ण अक्षरांची नाणी आणि कंपनी सरकारची १८३५ची चांगली नाणी.

शिवराईला, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या पैशाला, मात्र वेळ द्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. छाप नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून बहुतेकांवर अक्षरं अर्धीच उतरलेली दिसतात. ज्यावर दोन्ही बाजूंची अक्षरं जवळजवळ पूर्ण आहेत त्या वेगळ्या, मधे दोन रेघांची दुदांडी वेगळी, आणि सपाट झालेल्या वेगळ्या. पहिल्या गटातली एक शिवराई तिसऱ्या गटातल्या मूठभर शिवरायांना भारी पडते. तिला वेडीवाकडी कड असते, ती घासून गोल करू नका. सोनेरी 'शिवकालीन होन' निघाला तर आनंद आवरून धरा. खरा होन २.७ ग्रॅमच्या आसपास सोन्याचा असतो, आणि जत्रेत मिळणाऱ्या पितळी प्रती घरोघर आहेत.

नया पैसा आणि पुढे

१ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली. 'नया' हा शब्द १९६४ला गेला. अॅल्युमिनियमची एक, दोन, तीन, पाच, दहा पैशांची नाणी वापरलेल्या अवस्थेत जवळपास कोणीच नगावर घेत नाही. जुनं पाच पैशांचं चौकोनी नाणं दीड ग्रॅमचं, म्हणजे किलोला साडेसहाशेच्या वर बसतात; एकेकाचं साल बघण्यात डोळे घालवू नका. त्यातली चकचकीत, कधीच न वापरलेली तेवढी काढा. १९६९चा गांधींचा रुपया चांदीचा नाही, निकेलचा आहे. त्याच वर्षीचं गांधींचं दहा रुपयांचं नाणं आणि १९७०चं दहा रुपयांचं नाणं मात्र १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं आहे. ते चांदीच्या ढिगात.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनात नाहीत. ५० पैसे आणि वरची आजही चालतात; त्यांची पिशवी बँकेत भरून मोकळं व्हा. चालू नाणी भंगारात वितळवायला देऊ नका, २०११च्या नाणे कायद्याने तो गुन्हा आहे.

२०१२चं वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं लाखाला जात नाही. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १६१६ किंवा १८१८ असं साल आणि राम-हनुमान असलेलं 'यूकेएल' अक्षरांचं नाणं तर नाणंच नव्हे, बाजारात विकायला बनवलेला बिल्ला आहे. ते तांदूळ ओढतं म्हणून कोट्यवधी देतो असं सांगणारा माणूस भेटला तर तो नाणी विकत घ्यायला आलेला नसतो, तपासणीची फी उकळायला आलेला असतो.

कुणाला, कधी

मोडीची चांदी: सराफाला. पण लगेच नको. झिजलेले का होईना, स्वच्छ छापाचे राणीछाप रुपये धनत्रयोदशी-लक्ष्मीपूजनाच्या आधी पूजेसाठी नगावर विकले जातात आणि मोडीपेक्षा जास्त देऊन जातात. आश्विन लागला की चार सराफांना विचारा. अर्ध्या चांदीच्या रुपयांना ही मागणी फारशी नसते.

वेगळी काढलेली नाणी: प्रदर्शनात न्या. पुण्यात भरणाऱ्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनांत एकाच छताखाली अनेक व्यापारी असतात. तेच नाणं तीन टेबलांवर दाखवलं की खरा भाव आपोआप समजतो. पहिला आकडा आपण सांगू नये. व्यापारी ज्या किमतीला पुढे विकणार, त्याच्या निम्मा ते दोन तृतीयांश दिला तर तो रास्त धरावा, कारण साधं नाणं त्याच्याकडेही महिनोन् महिने पडून राहतं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात भाव कानावर पडतात, पण नकली मालही तिथेच सर्वांत जास्त, म्हणून तिथे ऐकलेला भाव खरा धरू नका. दुर्मीळ साल किंवा उत्तम अवस्थेचं नाणं असेल तर मुंबईतल्या परवानाधारक लिलावगृहाला फोटो पाठवा. कमिशन किती, नाणं विकलं गेलं नाही तर काही द्यावं लागतं का, पैसे किती दिवसांनी, हे लेखी घ्या.

किलोवरचा माल शेवटी आणि एकगठ्ठा द्या. नवखे संग्राहक आणि ऑनलाइन 'मिश्र लॉट' विकणारे तो घेतात. त्यात एकही चांगलं नाणं 'आकर्षण म्हणून' ठेवू नका, भाव वाढत नाही.

फोटो दिवसाच्या उजेडात, राखाडी कापडावर, दोन्ही बाजूंचे आणि काट्याच्या आकड्यासह काढा. 'जुनं नाणं, दुर्मीळ' असं लिहू नका. राज्यकर्ता, साल, धातू, वजन आणि दोष लिहा. भोक असेल तर भोक आहे असं लिहा. ते लपवलं की नाणं परत येतं.

कायदा आणि ठकबाजी

जमिनीत, भिंतीत किंवा शेतात पुरलेली सापडलेली नाणी आपली नाहीत. १८७८च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२२चे रुपयेही आता त्यात आले, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेत आजोबांचे रुपये टाकू नयेत. नाणी वडिलोपार्जित असतील तर विक्रीआधी भावंडांची लेखी संमती घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही.

जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी कर, नोंदणी किंवा कमिशन मागणारे रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही आणि तिने २०२१मध्ये तसं जाहीरही केलं आहे. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. समोरचा तसं सांगत असेल तर फोन ठेवा. पार्सल पाठवायचं असेल तर पैसे खात्यात दिसल्यावरच. नाणी एकमेकांवर आदळणार नाहीत अशी पुठ्ठ्याच्या चौकटीत घट्ट बसवा, डबी हलवून खुळखुळते का बघा, आणि चांदी कुठल्या विम्याखाली जाते ते खिडकीवर विचारून मगच पावती घ्या.